श्रावणभाऊंची भूमिती

चिखलीत बाजार समितीच्या मागच्या गल्लीत श्रावणभाऊंचं सायकलचं दुकान होतं. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘सायकल मिळेल’ असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली, पेंटरच्या मागे लागून लिहून घेतल्यासारखं, बारीक अक्षरांत ‘माप घेऊन’. घाईत फक्त वरची ओळ वाचून आत शिरलेली माणसं अर्ध्या तासानं डोकं खाजवत बाहेर यायची. मीही तसाच आत शिरलो होतो.

मी मूळचा नांदुऱ्याचा. कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायला चिखलीला आलो आणि चाळिशीच्या सुमारास रक्तातली साखर काठावर आल्याचं कळलं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. पळणं मला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून सायकल. मोबाइलवर पाहून मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं: बारीक टायरची, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल असलेली, शर्यतीची. तशी एक दुकानाच्या दारातच लटकत होती. मी तिच्याकडे बोट दाखवून म्हणालो, “ही द्या.”

श्रावणभाऊ एका स्टुलावर बसून चाक फिरवत होते. बुटका, काटक माणूस, वय साठीच्या पुढे. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिच्या जागी ट्यूबची रबरी पट्टी कानामागे बांधलेली. खाकी शर्टाच्या खिशात शिंप्याची टेप आणि सुताराची चपटी पेन्सिल. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलंच नाही. ते माझ्या पायांकडे पाहत होते.

“चालवता कशी?” त्यांनी विचारलं.

मला प्रश्न कळला नाही. मी म्हणालो, “पायानं.”

“ते सारेच चालवते. मी इचारून राह्यलो, कशी चालवता.”

“अजून चालवत नाही. चालवायची आहे.”

“मंग चालवसान कशी?”

“जोरात,” मी म्हणालो. घाम यायला हवा असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

“घर कुठी हाये तुमचं? कॉलेजात कोन्या रस्त्यानं जाता?”

मी रस्ता सांगितला. मग त्यांनी विचारलं, वाटेत ओळखीचं कोणी भेटतं का, भेटलं तर मी थांबतो का. मी म्हणालो, थांबावंच लागतं, मास्तर माणूस. किती ठिकाणी, हेही विचारलं. मी बोटं मोजली. चहावाला, झेरॉक्सवाला, दोन पालक, एक निवृत्त मुख्याध्यापक. पाच झाली, पुढे मी मोजायचं सोडून दिलं.

भाऊंनी चाक बाजूला ठेवलं. “सर, तुमी जोरात चालवनारे नाही. तुमी बाताचे.”

पुढं ओळख वाढल्यावर कळलं की भाऊंच्या लेखी जगात तीन जातीची माणसं होती: घाईचे, बाताचे आणि बाजाराचे. घाईच्या माणसाला वाकून, पुढे झेपावून बसवणारी फ्रेम. तिची हँडलखालची नळी जरा उभी, मागचं चाक सीटखाली ओढून घेतलेलं. मान हलवली की वळणारी. बाताच्या माणसाला ताठ बसवणारी. वरचा दांडा आखूड, हँडल उंच, पुढची नळी कललेली, म्हणजे एक हात सोडून कोणाला रामराम केला तरी सायकल आपली सरळ चालत राहते. आणि बाजाराच्या माणसाला मागून लांब फ्रेम, पिशव्या नाहीतर दुधाच्या कॅन लटकवल्या तर टाचा त्यांना लागायला नकोत. ज्यानं आपली जात ओळखली नाही त्याला भाऊ सायकल द्यायचे नाहीत. आणि आपली जात बहुतेक कोणालाच ओळखता येत नसे. मला तर मी घाईचा आहे याची खात्री होती.

त्यांनी सांगितलं, उद्या या, ज्या पँटीवर शिकवता तीच घालून या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घोड्यावर चढवलं. घोडा म्हणजे जुन्या सायकलींच्या नळ्या तोडून, जोडून त्यांनी स्वतः बनवलेला लोखंडी सांगाडा. त्याला चाकं नव्हती. सीट वर-खाली होई, हँडल पुढं-मागं सरके, पुढच्या नळीचा कलही पेचानं बदलता येई. त्यावर बसून मी हवेत पायडल मारत होतो आणि भाऊ माझ्या गुडघ्याला गवंड्याचा ओळंबा लावून तो पायडलच्या कुठं उतरतो ते डोळे बारीक करून पाहत होते. दारात दोन हमाल येऊन उभे राहिले. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, “सरले प्लास्टर करून राह्यले काय बे?”

मी गणिताचा माणूस. मला राहवलं नाही. मला हवी होती ती शर्यतीची आणि भाऊ देणार ती, या दोन फ्रेममध्ये पुढच्या नळीत फरक तो किती, असं मी विचारलं. भाऊ म्हणाले, दोन अंशांचा. मी हसलो. मग फळा नसतानाही समजावून सांगितलं की दोन अंश म्हणजे किती किरकोळ, ज्या-दोन आणि कोज्या-दोन, म्हणजे दोन अंशांचे साइन आणि कोसाइन, यांच्या किमती काय येतात. भाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग दोन सायकली गल्लीत काढल्या, एकीची नळी कललेली, दुसरीची दोन अंश उभी.

“हे घ्या. त्या लिंबापर्यंत जा. वाटेत चहाच्या टपरीवर गजानन हाये, त्याले एका हातानं नमस्कार करा. वापस या.”

पहिलीवर मी गेलो, नमस्कार केला, गजाननानं उलट नमस्कार केला, मी परत आलो. दुसरीवर गेलो, हात वर केला, आणि मला नीट आठवत नाही, पण मी तुरीच्या पोत्यांच्या थप्पीत होतो. गजानन चहाची किटली तशीच हातात धरून धावत आला. भाऊ सावकाश चालत आले, आधी सायकल उचलली, चाक फिरवून पाहिलं, मग मला हात दिला.

“दोन अंश,” ते म्हणाले.

मी बाताची सायकल घेऊन घरी आलो. ती आजही माझ्याकडे आहे आणि तिच्यावरून मी एकदाही पडलेलो नाही.

त्या दिवसांत चिखलीत सकाळी सायकल चालवणाऱ्यांचा एक गट झाला होता. आठ-नऊ जण होते: दोन प्राध्यापक, एक वकील, कृषी केंद्रवाले, मी, आणि सगळ्यांचे पुढारी म्हणजे दातांचे डॉक्टर. डॉक्टर मोठे हौशी. त्यांनी परगावाहून एक सायकल मागवली. रंग काळाभोर, वजन इतकं कमी की ते ती एका बोटावर उचलून दाखवायचे. फ्रेमचं वजन ते ग्रॅममध्ये सांगायचे. एकदा श्रावणभाऊंच्या दुकानात हवा भरायला थांबले तेव्हाही त्यांनी सांगितलं. भाऊंनी सायकलकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या पोटाकडे पाहिलं.

“सायकल लय चांगली हाये,” भाऊ म्हणाले. “पन हे तुमची नाही.”

“म्हणजे? बिल आहे माझ्याकडे.”

“बिल असन. पन हे दुसऱ्या मानसासाठी बनवलेली हाये. दांडा लांब पडते तुमाले. मान धरन.”

डॉक्टरांनी ते मनावर घेतलं नाही. एका रविवारी आम्ही मेहकरला निघालो. जाताना पहिला तासभर डॉक्टर सर्वांत पुढे, धनुष्यासारखे वाकलेले. मग ते मागे पडू लागले. वकिलांनी विचारलं तर म्हणाले, काही नाही, जरा मान भरली आहे. पुढे ती इतकी भरली की वर उचलता येईना. डॉक्टर रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा पाहत पाहत सायकल चालवू लागले. तो पट्टा एका पेट्रोल पंपाकडे वळला, तसे डॉक्टरही वळले आणि डिझेलच्या रांगेत एका ट्रॅक्टरमागे जाऊन उभे राहिले. आम्ही त्यांना तिथून पुन्हा रस्त्यावर आणलं.

मेहकरला बालाजीच्या जुन्या देवळात गेलो. मूर्ती उंच आहे, देखणी आहे. माणूस सहज मान वर करून पाहत राहतो. आम्ही सगळे वर पाहत होतो. डॉक्टर एकटे खाली मान घालून, हात जोडून उभे होते. दोन मिनिटं झाली, पाच झाली. त्यांना मान वर करताच येत नव्हती, आणि हे पुजाऱ्यांना सांगायची आमच्यात कोणाची हिंमत नव्हती. पुजाऱ्यांचे डोळे भरून आले. ते आम्हाला म्हणाले, “देवाकडे नजर वर करून पाहायचीही ज्याची तयारी नाही, असा भक्त मी पहिल्यांदाच पाहिला.” त्यांनी डॉक्टरांना आपल्या हातानं हार घातला. हारामुळे मान आणखी खाली गेली. परत येताना डॉक्टर जीपमध्ये आणि सायकल टपावर.

दुसऱ्या दिवशी गळ्यात पट्टा घालून डॉक्टर दुकानात आले, भांडायलाच. मी तिथे होतो. त्यांचा मुद्दा असा की भाऊंनी मान धरेल असं बोलून त्यांच्या मनात भीती घातली आणि म्हणून ती धरली. भाऊंनी त्यांना स्टुलावर बसवलं.

“डॉक्टरसाहेब, तुमी दिवसभर काय करता?”

“दात काढतो. तुम्हाला माहीत आहे.”

“कसे काढता? बसा तसे. मी पेशंट.” भाऊंनी तोंड उघडलं. डॉक्टर सवयीनं वाकले, मान तिरपी झाली, आणि ते कळवळले. भाऊंनी तोंड मिटलं. “दिवसभर तुमी वाकून लोकाच्या तोंडात पाह्यता. सकायची एक वेळ मोकळी भेटते, तेवातही वाकाले सायकल घेतली. तुमाले ताठ बसवनारी पाह्यजे. त्या वकील सायबाले वाकवा, ते दिवसभर ताठ उभे राह्यते.”

डॉक्टर निघून गेले आणि दोन महिने त्यांनी ती गल्ली टाळली. मग एका दुपारी आले आणि मुकाट्यानं घोड्यावर चढून बसले. आता त्यांच्याकडे उंच हँडलची, माझ्यासारखीच सायकल आहे. काळी सायकल त्यांनी दवाखान्यात भिंतीवर टांगली. खुर्चीत आडवं झालं की नेमकी तीच दिसते. माझी दाढ काढली तेव्हा मी पूर्ण वेळ तिचा दांडा मोजत होतो.

भाऊंच्या बायकोला सगळे गोदाकाकू म्हणत. घर दुकानाच्या मागेच. काकू कमी बोलायच्या, पण त्यांचं एक वाक्य भाऊंच्या दहा वाक्यांना पुरायचं. साडीचा प्रसंग त्यांच्याच तोंडून ऐकावा.

झालं असं की सुनंदाताई नावाच्या आशा कार्यकर्त्या होत्या. गावाबाहेरच्या तीन वस्त्या त्यांच्याकडे. बाळंतिणी, लसीकरण, औषधांच्या गोळ्या, सगळं सायकलवर. महिन्याभरात दोनदा पडल्या. दुसऱ्या वेळी लसींच्या डब्यासकट पडल्या आणि वस्तीवरच्या बायकांनी त्यांना सायकल सोडून द्यायला सांगितलं. त्या भाऊंकडे आल्या. भाऊंनी पाहिलं, बायकांची सायकल होती, दांडा खाली वाकलेला होता, सीट बरोबर, हँडल बरोबर. माप चुकलेलं नव्हतं.

“मंग पडता काऊन?” भाऊ म्हणाले.

“साडी ओढते, भाऊ.”

“कुठी ओढते?”

हे सुनंदाताईंना नीट सांगता येईना, आणि भाऊंना नीट विचारता येईना. तीन दिवस भाऊ अस्वस्थ होते. चौथ्या दिवशी पहाटे त्यांनी काकूंना म्हटलं, तुझी एक जुनी साडी दे.

“कायले?”

“नेसाची हाये.”

काकू सांगायच्या, “लग्नाले चाळीस वर्सं झाले. मले कधी साडी आनली नाही यायनं. आन् आता माहीच घेऊन चालले.” पण त्यांनी साडी दिली, वर नेसवूनही दिली, आणि निऱ्या नीट खोचल्या आहेत की नाही ते दारात उभं राहून पाहिलं. बाजार समितीला त्या दिवशी सुट्टी होती. मैदान रिकामं असेल असा भाऊंचा हिशेब. पण तुरीचे दोन ट्रक आदल्या दिवशी उशिरा पोहोचले होते आणि ते उतरवायला वीसेक हमाल पोत्यांवर बसून चहा पीत होते. त्यांच्यासमोर श्रावणभाऊ हिरव्या साडीत सायकलवरून आले.

भाऊंनी मैदानाला एक फेरी मारली, दुसरी मारली, तिसऱ्या फेरीत वळणावर पडले. पडल्या जागेवरून उठले नाहीत. तिथेच बसून खिशातली पेन्सिल शोधू लागले, मग लक्षात आलं की खिसा नाही. एका हमालाला म्हणाले, “पेन्सिल हाये काय बे?” त्यानं दिली. भाऊंनी त्याच्याच विडीच्या पाकिटावर आकृती काढली.

कळलं असं की पाय वर येताना गुडघा जितका उंच जातो तितकी साडी मांडीवर ताणली जाते, आणि वळताना तो ताण एका बाजूचा पाय धरून ठेवतो. म्हणजे दांडा खाली असून पुरत नव्हतं. पायडलचा दांडा आखूड हवा, सीट जरा मागे हवी, आणि हँडल अंगाकडे ओढलेलं, म्हणजे वळताना पुढं झुकावं लागू नये. भाऊंनी पंधरा दिवस खपून तशी फ्रेम जोडली, मागून लांब, डब्यासाठी. सुनंदाताई ती घेऊन गेल्या आणि मग पडल्या नाहीत. एकदा दुकानासमोरून जाताना थांबून म्हणाल्या, “भाऊ, तुमी पडले म्हनून मी पडत नाही.” भाऊ लाजले. हमालांनी मात्र पुढे कैक महिने त्यांना “वहिनी” म्हटलं, आणि भाऊंनी ते चालवून घेतलं.

त्यांचं सगळं बरोबरच यायचं असं समजू नये. एक गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. मी एकदा गोदाकाकूंना विचारलं, भाऊ गिऱ्हाइकाला घरचा रस्ता काऊन विचारतात? तोवर मला वऱ्हाडी बोलायची पुन्हा सवय झाली होती. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

“वसंतामुळं,” त्या म्हणाल्या.

वसंतराव बुलढाण्याला एका कचेरीत शिपाई होते. चपळ, तरुण, कायम धावपळीत. फायली घेऊन दिवसभर या ऑफिसातून त्या ऑफिसात. भाऊंनी त्यांना पारखलं, घाईचा माणूस म्हणून नोंदलं आणि उभ्या नळीची, चटकन वळणारी सायकल दिली. गावात ती फार छान चालली. पण वसंतरावांचं घर राजूर घाट उतरून खालच्या गावात होतं. दर शनिवारी ते घाटानं घरी जायचे. एकदा उतारावर वेग वाढला, समोर कुत्रं आलं, हँडल जरासं हललं आणि सायकलनं त्यांना कठड्यावर नेऊन टाकलं. गळ्याचं हाड मोडलं. कठडा नसता तर काय झालं असतं हे काकूंनी सांगितलं नाही, त्या तांदळातला खडा काढून बाहेर टाकत राहिल्या.

भाऊ दुसऱ्या दिवशी एसटीनं त्यांच्या गावी गेले. वसंतराव खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, भाऊ, तुमची काय चूक, कुत्रं आडवं आलं.

“कुत्रं आलं हे खरं,” भाऊ म्हणाले. “पन त्या सायकलनं तुमाले दुसरा मौका देला नाही. मी इचारलं कशी चालवता. जाता कुठी, ते इचारलंच नाही.”

ती सायकल त्यांनी परत आणली आणि तोडून टाकली. चांगली नवी फ्रेम. वसंतरावांना लांब, शांत, कललेल्या नळीची दुसरी करून दिली. आणि तेव्हापासून भाऊ फक्त रस्ता विचारून थांबत नसत, तो पाहून यायचे. लांबचा असला तर एसटीनं. खिडकीशी बसून उतार, खड्डे, वळणं वहीत टिपायचे. कंडक्टर लोक त्यांना बांधकाम खात्याचा माणूस समजून त्यांच्याकडे रस्त्यांच्या तक्रारी करत. भाऊ त्याही लिहून घेत.

मला सायकल देण्यापूर्वी ते माझ्या घरापासून कॉलेजपर्यंत चालत गेले होते, हे मला त्या दिवशी कळलं. झेरॉक्सवाल्यानं पुढे त्याला दुजोरा दिला. म्हणाला, हाव सर, एक बुटके बाबा आले होते, विचारत होते, सर इथं किती वेळ थांबतात आणि कोणता पाय टेकवतात.

मग मोठ्या रस्त्यावर काचेचं दुकान झालं. चकचकीत सायकली, ओळीनं उभ्या. तिथं कोणी काही विचारत नसे. पोरं रंग सांगायची आणि घेऊन जायची. काही जण मोबाइलवरून मागवायचे, खोक्यातून आलेली सायकल जोडायला भाऊंकडे आणायचे. भाऊ जोडून द्यायचे. पण आधी घोड्यावर बसवायचे आणि मग सीट वर-खाली करून, हँडलची मान बदलून, त्या सायकलीला त्या माणसाच्या शक्य तितकं जवळ न्यायचे. एकदा मी म्हटलं, भाऊ, त्यांनी तुमच्याकडून घेतली नाही, तुम्ही एवढं का करता?

“सायकल त्याची चुकली,” ते म्हणाले. “गुडघा काऊन चुकवाचा?”

स्वतःच्या गुडघ्यांचं मात्र त्यांना काही करता आलं नाही. चाळीस वर्षं उकिडवं बसून काम केलेलं. दोन्ही गुडघे गेले. मुलगी नांदुऱ्याला दिलेली, ती आली आणि दोघांना घेऊन जायचं म्हणाली. शस्त्रक्रिया तिकडेच करायची ठरली. दुकान बंद होणार म्हटल्यावर घोड्याचं काय करायचं हा प्रश्न आला. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. भाऊंनी मला विचारलं, कॉलेजात ठेवता येईल का? मी प्राचार्यांना अर्ज लिहिला, ‘भूमितीच्या अध्यापनासाठी उपयुक्त साहित्य’ म्हणून. प्राचार्यांनी घोडा पाहिला, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “यात भूमिती कुठं आहे?” मी त्यांना म्हटलं, बसा. ते बसले. मी ओळंबा लावला. आता प्राचार्यही सायकल चालवतात. साठा नोंदवहीत घोड्याची नोंद ‘लोखंडी घोडा, नग एक’ अशी आहे, आणि कोन शिकवायची वेळ आली की मी वर्गाला त्याच्याकडे घेऊन जातो. ज्या-दोनची किंमत मी आता फार लहान आहे असं सांगत नाही.

यंदा दिवाळीनंतर नांदुऱ्याला गेलो तेव्हा भाऊंना भेटायला गेलो. मुलीचं घर स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. भाऊ ओसरीत खुर्चीवर बसले होते, समोर चालायचा वॉकर. मी तब्येत विचारली, तर त्यांनी वॉकर दाखवला.

“हे पाहा. दवाखान्यातून देला. एक इंच उंच होता. खांदे कानाले लागत होते.”

“मग?”

“मंग काय,” काकू आतून म्हणाल्या, “जावायाची करवत घेतली, आन् चारही पाय कापले. व्यायाम शिकवाले येते तो पोरगा बम चिडला.”

“चिडला,” भाऊ म्हणाले. “मंग त्यानं मले चालताना पाह्यलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातले तीन वॉकर घेऊन आला, पाहा म्हने जरा.”

चहा झाला. चिखलीच्या बातम्या झाल्या. गजाननानं टपरी मोठी केली, डॉक्टरांनी गटाला मेहकरला न्यायचं पुन्हा ठरवलं आहे, सुनंदाताईंची मुलगी नर्सिंगला लागली. भाऊ ऐकत होते, पण त्यांचं निम्मं लक्ष रस्त्याकडे होतं. गाडी नुकतीच येऊन गेली असावी. माणसं बॅगा, पिशव्या, पोती घेऊन स्टेशनाकडून गावात निघाली होती.

“सर, एक सांगू?” ते म्हणाले. “सारी जिंदगी मी मानसं सायकलवर बसलेली पाह्यली. पायी चालताना कधी नीट पाह्यलीच नव्हती. इथं बसून पाह्यतो आता. लोक लय चुकीचे चालून राह्यले.”

मी निघालो. काकूंनी शेवेचा डबा दिला होता, माझ्या आईनं बाजारातून आणायला सांगितलेल्या सामानाची पिशवी होती. सगळं एका हातात घेऊन मी फाटकाबाहेर पडलो. भाऊ वॉकर टेकत टेकत फाटकापर्यंत आले होते. मला वाटलं, निरोप द्यायला. मी पंधरा-वीस पावलं गेलो असेन, मागून त्यांचा आवाज आला.

“सर. डावा खांदा पडून राह्यला. पिशवी दुसऱ्या हातात घ्या.”

मी थांबलो आणि पिशवी उजव्या हातात घेतली. खरंच बरं वाटलं. ते सांगावं म्हणून मागं वळून पाहिलं, तर भाऊ माझ्याकडे पाहत नव्हते. डोक्यावर ट्रंक आणि कडेवर पोर घेतलेली एक बाई समोरून येत होती. भाऊ फाटकाला धरून, मान जराशी तिरपी करून, तिच्या पावलांकडे पाहत होते, आणि त्यांचा एक हात खिशातली टेप चाचपत होता.